झोपेचं सोंग

प्रवरेच्या काठी नेवाशात मोहिनीराजाचं देऊळ आहे. होळकरांचे दिवाण चंद्रचूड यांनी अठराव्या शतकात ते बांधलं. आतला देव विष्णू, पण स्त्रीवेषातला. समुद्रमंथनातून निघालेलं अमृत वाटायला तो मोहिनी होऊन आला तो इथेच, असं नेवासकर सांगतात. एक पंगत देवांची, एक दैत्यांची. मोहिनी वाढत गेली आणि दैत्य तिच्याकडे बघतच राहिले. तिच्या हातातला कलश कोणत्या पंगतीकडे कलतोय, याचं भान त्यांना उरलं नाही. भानावर होता एकटा राहू. त्याने देवाचं सोंग घेतलं, पंगत बदलली, अमृताचा घोट घेतला आणि मान गमावली. शिर पडलं ती राहुरी, काया पडली ते गोदावरीपलीकडचं कायगाव. गावांच्या नावांची ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरणार नाही, पण नगर जिल्ह्यात ती घरोघर ठाऊक आहे.

या कथेत दोन तऱ्हेचे लोक आहेत. एक भारले गेलेले आणि एक सोंग घेतलेला. दोघेही पंगतीत गप्प बसलेले, बाहेरून बघणाऱ्याला दोघांत फरक दिसू नये. संमोहन खरं की खोटं, हा प्रश्न गेली अडीचशे वर्षं नेमका इथेच अडलेला आहे. डोळे मिटून खुर्चीत बसलेला, सांगितलं तसं वागणारा माणूस दैत्यांपैकी आहे की राहू? त्याला खरंच काही झालं आहे, की तो समोरच्याचं मन राखतोय?

या प्रश्नाला पहिलं धड उत्तर ज्याने दिलं तो माणूस कोकणपट्टीतला होता. त्याला ते उत्तर पॅरिसमध्ये द्यावं लागलं, आणि एका राहूनेच त्याची मान उतरवली.

बार्देशातल्या कांदोळीला ३१ मे १७५६ रोजी जुझे कुस्तोदियु द फारिया याचा जन्म झाला. वडील कायतान व्हितोरिनु कोलवाळचे, सोळाव्या शतकात ख्रिस्ती झालेल्या अंतू शेणवी यांच्या वंशातले. आई रोझा मारिया कांदोळीची. नवरा-बायकोचं पटलं नाही. चर्चच्या परवानगीने दोघं वेगळी झाली. आई जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठात जोगीण झाली, वडिलांनी लग्नाआधी अर्धवट सोडलेली पाद्रीपणाची वाट पुन्हा धरली. मुलगा वडिलांच्या वाट्याला आला. २१ फेब्रुवारी १७७१ रोजी बापलेक लिस्बनच्या जहाजात चढले. मुलगा पंधराव्या वर्षात होता. नऊ महिन्यांनी जहाज लिस्बनला लागलं. फारिया पुन्हा कधी गोव्यात आला नाही.

लिस्बनहून ते रोमला गेले. धर्मप्रसारासाठी चालवलेल्या तिथल्या विद्यालयात तो शिकला, १७८० साली पाद्री झाला, धर्मशास्त्राचा पंडित झाला, आणि पोपने त्याला सिस्टीन चॅपेलमध्ये प्रवचनाला बोलावलं. मग लिस्बनला परत. इथली एक गोष्ट गोव्यात आजही सांगतात. राणी मारिया पहिली हिच्यासमोर, सगळ्या दरबारासमोर, तरुण फारिया प्रवचनाला उभा राहिला आणि त्याची वाचाच बसली. व्यासपीठाखाली बसलेल्या बापाने हळूच कोकणीत म्हटलं, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी.’ आणि मुलगा घडाघडा बोलू लागला.

गोष्ट दंतकथा आहे आणि ती मी दंतकथा म्हणूनच सांगतो. पण लोकांनी या माणसाबद्दल नेमकी हीच गोष्ट जपून ठेवली, हे मला महत्त्वाचं वाटतं. दरबार तोच, राणी तीच, जीभही तीच. बदललं काय? विश्वासाच्या माणसाने आपल्या भाषेत चार शब्द टाकले आणि ऐकणाऱ्याने ते आत घेतले. भीती बापाने काढली नाही, बापाच्या शब्दाचं निमित्त करून मुलाने स्वतःच सोडली. पुढे सगळं आयुष्य फारिया हेच तपासत राहिला.

लिस्बनमध्ये या बापलेकांची ऊठबस मोठ्या घरांत होती, पण गोव्याच्या गोऱ्या नसलेल्या पाद्र्यांना वरच्या जागा मिळत नव्हत्या. दाद मागायला गोव्याचे दोन पाद्री, कुतू आणि गोन्साल्विस, लिस्बनला आले होते, त्यांचं फारियांकडे येणंजाणं होतं. ते हात हलवत परतले. १७८७ साली गोव्यात पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा एक कट फुटला. कांदोळीच्या पिंटो घराण्याच्या नावावरून त्याला पिंटोंचा कट म्हणतात. ४७ जणांना धरलं, त्यातल्या १५ जणांना पणजीत क्रूरपणे ठार केलं. संशय लिस्बनपर्यंत पोचला आणि १७८८ साली फारियाने पॅरिस गाठलं. पुढच्याच वर्षी तिथे राज्यक्रांती झाली. १७९५च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या काही वस्त्या सरकारवर उठल्या, त्यात एका तुकडीच्या पुढे हा पाद्री होता. सरकारच्या बाजूने तोफा लावणारा अधिकारी होता नेपोलियन बोनापार्ट.

आता पॅरिसमध्ये तेव्हा काय चाललं होतं ते पाहू, म्हणजे फारियाने काय केलं ते कळेल.

व्हिएन्नाचा डॉक्टर फ्रान्झ मेस्मर १७७८ साली पॅरिसला आला होता. विश्वात एक सूक्ष्म द्रव भरून आहे, शरीरात त्याची वाट अडली की माणूस आजारी पडतो, आणि आपण तो द्रव आपल्या हातांतून रोग्यात सोडू शकतो, असं त्याचं म्हणणं. पिंपाएवढ्या भांड्यातून लोखंडी दांडे बाहेर काढलेले असत, रोगी ते दांडे दुखऱ्या जागी धरून गोल बसत. कुणी रडे, कुणाला झटके येत, कुणी बरा होऊन जाई. मराठीत याला जुना शब्द आहे, भारणं. अंगारा भारतात, लिंबू भारतात, गंडादोरा भारतात, तांब्यातलं पाणी भारून देतात. मेस्मरच्या पंथातले लोक पाणीही भारत आणि झाडंही भारत. त्यांनी या शक्तीला लोहचुंबकाच्या शास्त्रातलं नाव दिलं होतं, एवढाच फरक.

१७८४ साली राजाने चौकशी समिती नेमली. तिच्यात रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होता, डॉक्टर गिलोतँ होता, आणि अध्यक्ष होता अमेरिकेचा वकील म्हणून पॅरिसमध्ये राहणारा ७८ वर्षांचा बेंजामिन फ्रँकलिन. मेस्मरचा शिष्य देस्लाँ याने पासीच्या फ्रँकलिनच्या बागेत जर्दाळूचं एक झाड भारून ठेवलं. बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून आणलं आणि एकेका झाडाला मिठी मारायला लावली. भारलेलं झाड दूर होतं. पोरगं एकेका झाडापाशी घामाघूम होत गेलं, खोकू लागलं, आणि चौथ्या झाडापाशी बेशुद्ध पडलं. ते झाड कुणी भारलेलं नव्हतं.

विज्ञानाच्या इतिहासातला इतका स्वच्छ प्रयोग मला दुसरा माहीत नाही. समितीने निकाल दिला: द्रव वगैरे काही नाही, हे सगळं कल्पनेचं काम आहे. निकाल बरोबर होता. पण मुलगा खरोखर बेशुद्ध पडला होता, आणि तो का पडला याचा शोध समितीच्या कामात बसत नव्हता. ती उठून गेली.

त्याच वर्षी सोआसाँजवळच्या ब्यूझांसी गावी मार्की द प्युसेग्यूर हा सरदार आपल्या जमिनीवरच्या व्हिक्टर रास नावाच्या आजारी शेतकऱ्याला भारत असताना तो पोरगा झटके न येता शांत झोपला, आणि झोपेतच बोलू लागला, विचारलेल्याला उत्तरं देऊ लागला. जागा झाल्यावर त्याला काही आठवेना. झटक्यांच्या जागी झोप आली ती इथून. प्युसेग्यूरच्या मते हे काम करणाऱ्याच्या इच्छाशक्तीचं होतं. म्हणजे झोप आली, पण शक्ती अजून समोरच्याच्याच हातात राहिली.

फारिया हे शास्त्र शिकला ते प्युसेग्यूरच्या परंपरेत. मधली काही वर्षं तो मार्सेय आणि नीमच्या विद्यालयांत तत्त्वज्ञान शिकवत होता. १८१३ साली पॅरिसला परतला आणि क्लिशी रस्त्यावर ४९ क्रमांकाच्या घरात त्याने जाहीर व्याख्यानं सुरू केली. पहिलं व्याख्यान ११ ऑगस्ट १८१३ला झालं. नगरचा भुईकोट इंग्रज सेनापती वेलस्लीच्या हाती पडून दुसऱ्या दिवशी बरोबर दहा वर्षं होणार होती, आणि तोच वेलस्ली त्या उन्हाळ्यात पिरेनीज डोंगरात नेपोलियनच्या फौजेला मागे रेटत होता. अशा धामधुमीत पॅरिसकर पाच फ्रँक मोजून एका सावळ्या, उंच, साठीकडे झुकलेल्या गोवेकर पाद्र्याला ऐकायला येत होते. त्यांत बायका जास्त.

फारियाजवळ पिंप नव्हतं, दांडे नव्हते, अंगावरून हात फिरवणं नव्हतं. समोरच्याला तो आरामखुर्चीत बसवी, डोळे मिटायला सांगी, मन झोपेच्या विचारावर आणायला सांगी. थोडा वेळ जाऊ देई. मग मोठ्या, हुकमी आवाजात म्हणे, ‘झोपा!’ एवढंच. काही जण तेवढ्यानेच झोपत. नाही झोपले तर पुन्हा म्हणे. तरीही नाही, तर उघडा पंजा समोर धरून त्याकडे बघायला लावी, दोन पावलं पुढे येई आणि हात एकदम खाली घेई. तेही लागू पडलं नाही, तर या माणसाला झोप येणार नाही असं सांगून त्याला सोडून देई. झोपलेल्याला तो साधं पाणी देऊन ते दुसरंच पेय असल्याचं सांगे, आणि पिणाऱ्याला तीच चव लागे. हात हलणार नाही म्हणे, हात हलत नसे. जागं झाल्यावर अमुक कर असं सांगून ठेवी, आणि माणूस जागा झाल्यावर ते करी.

हे खेळ इतरही करत होते. फारियाचं वेगळेपण त्यापुढच्या वाक्यात होतं. तो श्रोत्यांना सांगे की यात माझं काही नाही. माझ्यातून द्रव वाहत नाही, माझी इच्छाशक्तीही काम करत नाही. झोपेचं कारण झोपणाऱ्यातच आहे. त्याने स्वतःसाठी शब्दही वेगळा घेतला. तो भारणारा नव्हता, फक्त मन एकवटायला मदत करणारा होता. झोपणाऱ्याला त्याने ग्रीक भाषेतून उचललेलं, ‘उघड पाहणारा’ अशा अर्थाचं नाव दिलं, आणि या अवस्थेला लख्ख झोप म्हटलं.

भर सभेत, पाच फ्रँक देऊन चमत्कार बघायला आलेल्यांना, माझ्यात काही शक्ती नाही असं सांगणारा माणूस. आपल्याकडे अंगारा देणाऱ्या कुणी असं सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही.

फारियाला सगळं बरोबर उमगलं होतं असं मात्र नाही. सगळ्यांनाच झोप येत नाही, काहींना लगेच येते आणि काहींना कधीच नाही, हे त्याचं निरीक्षण पक्कं होतं. पण त्याचं कारण त्याने रक्ताच्या पातळपणात शोधलं. लख्ख झोपेतल्या माणसाला शरीराच्या आतलं आणि दूरचं दिसतं, यावरही त्याचा विश्वास होता. शिवाय तो मोहात पडत असे. शातोब्रियाँने आठवणींत लिहून ठेवलं आहे की एका सरदारबाईंच्या घरी जेवताना फारियाने आपल्या शक्तीने एक पाखरू मारून दाखवण्याची बढाई मारली, आणि पाखरू काही मेलं नाही. शक्ती माझ्यात नाही असं पुढे सांगणारा हाच माणूस. तो तिथवर कसा पोचला, हे या फजितीतून थोडं कळतं असं मला वाटतं.

शत्रू तिन्ही बाजूंनी होते. चर्चला यात सैतान दिसला. चुंबकवाल्यांना द्रव नाकारणारा फितूर दिसला. वर्तमानपत्रांना हसायला विषय मिळाला. १८१६ साली व्हारिएते नाटकघरात चुंबकविद्येच्या वेडावर एक प्रहसन लागलं, आणि पॉतिए या लोकप्रिय नटाने त्यात फारियाचीच नक्कल उभी केली. पॅरिस पोट धरून हसलं. आणि मग आला राहू. एक नट व्याख्यानाला जाऊन खुर्चीत बसला, हुकूम होताच झोपला, सांगितलं तसं वागला, आणि नेमक्या क्षणी डोळे उघडून सगळ्यांदेखत म्हणाला की सगळ्यांना तुम्ही असंच झोपवत असाल तर कठीण आहे.

झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, असं आपण म्हणतो. इथे सोंग घेतलेला आपण होऊन उठला, आणि त्याच्याबरोबर खरे झोपलेलेही सगळे खोटे ठरले. पंगतीत एक राहू सापडला म्हणून सगळी पंगतच राहूंची आहे, असं पॅरिसने ठरवलं. फारियाजवळ उत्तर नव्हतं. खरा झोपलेला आणि सोंग घेतलेला यांच्यात फरक कसा करायचा, याची रीत तेव्हा कुणाजवळच नव्हती.

व्याख्यानं बंद पडली. मुलींच्या एका शाळेत धर्मोपदेशकाची साधी नोकरी धरून त्याने पुस्तक लिहायला घेतलं. लख्ख झोपेच्या कारणांवरचा हा ग्रंथ चार खंडांचा व्हायचा होता. पहिला खंड १८१९ साली निघाला. तो त्याने प्युसेग्यूरला अर्पण केला होता, आणि आत प्युसेग्यूरचं म्हणणं खोडून काढलं होतं. त्याच वर्षी २० सप्टेंबरला झटका येऊन फारिया गेला. मोंमार्त्रच्या दफनभूमीत त्याला पुरलं. जागेवर खूण राहिली नाही. इकडे संगमनेरचे शाहीर अनंत फंदीही त्याच १८१९ साली गेले. फंदींचा फटका आपल्या तोंडी राहिला. फारियाचं नाव पुढे पंचवीस वर्षांनी अलेक्झांडर द्यूमाच्या ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’मधल्या तुरुंगातल्या म्हाताऱ्या पाद्र्याला मिळालं, तेही इटालियन करून. जगातल्या बहुतेकांना फारिया माहीत आहे तो एवढाच.

पण क्लिशी रस्त्यावरच्या सभेत नोइझे नावाचा एक लष्करी अधिकारी बसलेला होता. त्याने जे पाहिलं ते नीट लिहून ठेवलं. पुढे नान्सीजवळ गरिबांवर उपचार करणारा लिएबो हा डॉक्टर त्याच वाटेने गेला, आणि त्याचं काम बघून नान्सी विद्यापीठातल्या बर्नहाइमने १८८०च्या दशकात सिद्धान्त मांडला की संमोहन म्हणजे सूचनेचा परिणाम. पॅरिसमध्ये शार्कोसारखा बडा डॉक्टर म्हणत होता की संमोहित होणं हीच एक व्याधी आहे. वाद बर्नहाइमने जिंकला, आणि हे पहिल्यांदा फारियाला दिसलं होतं, असं लिहिण्याचा मोठेपणा त्याने दाखवला. मूळचे गोव्याचे डॉक्टर दालगादो यांनी १९०६ साली फारियाचं चरित्र प्रसिद्ध केलं. पुढे नोबेल मिळालेला पोर्तुगीज मेंदूतज्ज्ञ एगास मोनिझ यानेही १९२५ साली त्याच्यावर पुस्तक लिहिलं. ‘हिप्नॉटिझम’ हे नाव मात्र मँचेस्टरच्या जेम्स ब्रेडने १८४०च्या दशकात रूढ केलं. फारियाच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

भारतात ही विद्या परत आली ती बंगालच्या वाटेने, आणि भारणाऱ्यांच्या जुन्या रूपात. हुगळीचा स्कॉटिश डॉक्टर जेम्स एस्डेल याने ४ एप्रिल १८४५ रोजी अंडवृद्धीच्या एका कैद्यावर मेस्मरची रीत वापरून पाहिली. त्याआधी त्याने ती फक्त वाचलेली होती. कैदी इतका गाढ गेला की टोचलेलं त्याला कळेना. मग एस्डेलने मोठमोठ्या गाठी कापल्या, पाय तोडले, आणि मदतनीस तासन् तास रोग्यांच्या अंगावरून हात फिरवत राहिले. कलकत्त्यात त्याला सरकारने रुग्णालयही दिलं. ईथर आणि क्लोरोफॉर्म आल्यावर दोनतीन वर्षांत ते सगळं मागे पडलं. एस्डेल शेवटपर्यंत द्रव मानत राहिला. साखळदंडातला तो कैदी गोऱ्या डॉक्टरसमोर सोंग करत होता का, असंही तेव्हा काहींनी विचारलं. पुन्हा तोच प्रश्न.

या प्रश्नाला रीत सापडायला १९५०चं दशक उजाडावं लागलं. मार्टिन ऑर्न या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची कल्पना अशी होती की सोंगाला भ्यायचं कशाला, सोंग मुद्दाम आणावं. जे सहज संमोहित होतात असे काही जण घ्यायचे, आणि जे मुळीच होत नाहीत असेही काही घ्यायचे. दुसऱ्यांना खाजगीत सांगायचं की संमोहित झाल्याचं बेमालूम सोंग करा. संमोहन करणाऱ्याला मात्र कोण कुठला ते ठाऊक नसतं. फारियाला मातीत घालणारी युक्ती ऑर्नने प्रयोगशाळेचं हत्यार केली.

सोंग घेणाऱ्यांनी तज्ज्ञांना सहज चकवलं, ही पहिली गोष्ट. म्हणजे फारियाला ओळखता आलं नाही यात त्याचा दोष नव्हता. पण बारीक फरकही सापडले. ‘समोर खुर्ची नाही’ असं सांगितलं तर सोंगाडे खुर्चीवर जाऊन आपटत. खुर्ची नाही ना, मग आपटायलाच हवं. खरे संमोहित खुर्ची दिसत नाही म्हणत आणि तिला वळसा घालून जात. सोंग तर्काने चालतं. हे तर्काने चालत नव्हतं. आणखी एका प्रयोगात सूचना ध्वनिफितीवरून दिल्या जात होत्या, मधेच वीज गेल्याचं दाखवण्यात आलं आणि प्रयोग करणारा निघून गेला. एकटं पडताच सोंगाड्यांनी सोंग टाकलं. संमोहितांना भानावर यायला वेळ लागला, आणि ते सावकाश, जड डोळ्यांनी आले. बघणारं कुणी नसतानाही जे टिकलं, त्याला सोंग म्हणता येत नाही.

त्यानंतरच्या पुराव्यांपैकी मला सर्वांत बोलके वाटतात ते दोन. १९९७ साली पिएर रेनव्हिल आणि सहकाऱ्यांनी संमोहितांचे हात सोसवणार नाही इतक्या गरम पाण्यात बुडवले आणि मेंदूचं चित्रण केलं. पाणी तेवढंच गरम, पण ‘हे फार त्रासदायक वाटेल’ किंवा ‘फारसा त्रास होणार नाही’ अशा सूचनेप्रमाणे वेदनेच्या त्रासाशी जोडलेला मेंदूचा भाग कमीजास्त चेतत होता. कातडीवरून येणारी जाणीव टिपणारा भाग तसाच राहिला. २००२ साली अमीर राझ यांनी वेगळंच दाखवलं. ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत छापला आणि शाईचा रंग विचारला, तर वाचता येणारा कुणीही अडखळतो, कारण वाचणं थांबवता येत नाही. सहज संमोहित होणाऱ्यांना ‘ही अक्षरं तुला अनोळखी वाटतील’ अशी सूचना दिल्यावर तो अडखळ जवळजवळ नाहीसा झाला. मन राखायला माणूस हो म्हणेल, मान डोलवेल. पण साक्षर माणसाला केवळ मन राखण्यासाठी निरक्षर होता येत नाही.

सगळ्यांना हे सारखं जमत नाही, हे फारियाचं निरीक्षणही टिकलं. शंभरातले दहा-पंधरा जण खोल जातात, जवळपास तेवढेच मुळीच जात नाहीत, बाकी मधले. स्टॅनफर्डमध्ये तपासलेल्या लोकांना २५ वर्षांनी पुन्हा तपासलं तर त्यांची ही क्षमता बरीचशी तशीच निघाली. रक्ताच्या पातळपणाशी तिचा संबंध नाही. वैद्यकातही संमोहन काही ठिकाणी रुळलं आहे: वेदना कमी करायला, आणि पोटाच्या एका चिवट विकारात, ज्यात आतड्यांत काही बिघाड दिसत नाही पण रोग्याला चैन नसतं. मँचेस्टरच्या व्हॉरवेल यांनी १९८४ साली ३० रोग्यांवर घेतलेला प्रयोग त्याची सुरुवात होती. हरवलेली आठवण मात्र संमोहनाने परत येत नाही. येते ती बऱ्याचदा तिथल्या तिथे घडवलेली असते आणि माणूस तिच्यावर शपथ घ्यायला तयार होतो. गेल्या जन्माच्या आठवणी काढून देतो म्हणणारे आता शहरोशहरी आहेत. त्यांच्याकडे पैसे घालवणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

ही जागेपणाहून वेगळी अशी खास अवस्था आहे की अपेक्षा, कल्पना आणि एकाग्रता यांचाच एक जोरदार मेळ आहे, यावर अभ्यासक आजही भांडतात. निकोलस स्पॅनोस यांच्यासारख्यांनी ऑर्नचे काही निष्कर्षही खोडायचा प्रयत्न केला. माझा कल या दुसऱ्या, अपेक्षा-कल्पनेच्या बाजूकडे आहे. झोप हा शब्दच चुकीचा होता असं मला वाटतं. संमोहित माणसाच्या मेंदूचे तरंग झोपेचे नसतात. पण परिणाम खरे आहेत यावर आता दोन्ही बाजूंचं एकमत आहे, आणि ते परिणाम घडवतो तो खुर्चीत बसलेला, यावरही.

आमच्याकडे नगर जिल्ह्यात मढीच्या यात्रेत, मोहट्याच्या गडावर नवरात्रात, एखाद्या बाईच्या अंगात वारं येतं. ज्याच्या अंगात येतं त्याला झाड म्हणतात. झाड घुमायला लागलं की गर्दीत दोन तट पडतात. काही हात जोडतात, काही एकमेकांच्या कानात म्हणतात, सोंग आहे. अंगात येणं आणि संमोहन एकच, असं मी म्हणत नाही. पण देव किंवा सोंग, याखेरीज तिसरी शक्यता असते, एवढं फारियाच्या आयुष्यातून नक्की कळतं. घुमणारी बाई खोटं बोलत नसेल आणि तिच्यात बाहेरचं कुणी आलेलंही नसेल. तिला हसणारे आणि तिच्या पाया पडणारे, दोघांच्याही तावडीतून तिला सोडवणारी ही शक्यता आहे, म्हणून ती मला मोलाची वाटते.

अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी झाला आणि काही दिवसांतच वर्षानुवर्षं अडवून ठेवलेला जादूटोणाविरोधी कायदा वटहुकुमाने आला. फारियाच्या पहिल्या व्याख्यानाला त्याच महिन्यात दोनशे वर्षं झाली होती. या कायद्याच्या अनुसूचीतलं एक कलम अंगात अतींद्रिय शक्ती आल्याचं सांगण्याबद्दल आहे, पण त्यात नुसतं घुमणं हा गुन्हा नाही. शक्ती आल्याचं सांगून दुसऱ्याच्या मनात भीती घालणं, माझं ऐकलं नाहीस तर वाईट होईल अशी धमकी देणं, हा गुन्हा आहे. म्हणजे कायदा घुमणाऱ्याच्या मनात शिरत नाही. शक्ती माझी आहे असं सांगून वचक बसवणाऱ्याकडे तो बोट दाखवतो.

पणजीला मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाच्या शेजारी, फारियाचा पुतळा आहे. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ साली केलेला, देखणा, नाट्यमय. पायघोळ झग्यातला उंच पाद्री पुढे वाकलेला, दोन्ही पंजे पसरलेले, आणि त्या पंजांखाली एक बाई मागे कलंडत चाललेली. बघणाऱ्याला वाटतं की त्या हातांतून काहीतरी निघतंय आणि तिला खाली दाबतंय. पर्यटक पुतळ्यासमोर तसेच पंजे पसरून फोटो काढतात. मी तिथे गेलो तेव्हा बराच वेळ त्या बाईच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. फारियाने जे काही म्हटलं होतं ते तिच्या बाजूला होतं, आणि पुतळ्याभोवतीच्या गर्दीत तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.